माहेरचं ब्रीद माझ्या दंडावर

‘नॉन चेदिमुस’, म्हणजे आम्ही हटत नाही, हे लॅटिन ब्रीद बाबांनी वसईच्या घरावर कोरून घेतलं होतं. केळी पिकवणाऱ्यांना कसलं आलंय ब्रीद, म्हणून गाव हसलं. बाबा गेल्यावर मी ते दंडावर गोंदवायचं ठरवलं. माझा दंड बघता जागेची अडचण नव्हती. अडलं होतं स्पेलिंगवर. आखातातून, रुवीहून भावाला फोन केला.

“बाय, लग्न झालं, तुझं घराणं बदललं. ते ब्रीद आता आमचं,” म्हणत त्याने स्पेलिंग दिलंच नाही.

मग चर्चमधल्या शुक्रवारच्या मिस्सानंतर मी इथल्या फादरना गाठलं. त्यांनी एकेक अक्षर सांगून माझ्याकडून घोकून घेतलं.

नवरा म्हणाला, “आमच्या घराण्याचंही गोंदव की!”

“तुमचं एकच, ‘लोक काय म्हणतील’. दुसरा दंड मोकळा आहे, लिहू?”

सुट्टीत वांद्र्याला गोंदवून घेतलं आणि बिनबाह्यांचा ब्लाउज घालून थेट भावाकडे गेले. त्याने दंडावरचं एकेक अक्षर तपासलं.

“हे पुसता येतं म्हणे,” मग म्हणाला.

“येत असेल. मी पुसणार नाही. चल, जेवायला वाढ.”