माथाबोताईंचा गुडघ्यांवरचा नाच

ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला आमच्या शेजारी माथाबोताई राहतात. इथल्या हॉस्पिटलात नर्स होत्या, आता निवृत्त झाल्यात. गाव लेसोथोमधलं. दक्षिण आफ्रिकेने चहूबाजूंनी वेढलेलं ते छोटं डोंगराळ राज्य. डच वंशाचे बोअर लोक जमिनी बळकावू लागले तेव्हा तिथल्या राजाने स्वतःच इंग्रजांकडे आसरा मागितला. आसरा देणारे मग शंभरेक वर्षं हलले नाहीत. सभा, वाटाघाटी, निवडणूक असं होत होत १९६६च्या चार ऑक्टोबरला गेले.

दर चार ऑक्टोबरला इथली लेसोथोची मंडळी सिडनीत जमतात आणि बायका मोखिबो नाचतात. गुडघ्यांवर बसून, खांदे उडवत. यंदा साठावं वर्ष. माथाबोताईंचा गुडघा मात्र नुकताच बदललेला, तो टेकायचा नाही अशी डॉक्टरांची ताकीद. आपल्या घरातून कुणीतरी नाचावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. आणि घरात नाचण्याजोगी एकच, दहा वर्षांची नात पुलेंग.

मी थालीपीठ द्यायला गेले तेव्हा हाच वाद चालला होता.

“नो वे, नॅन! सगळ्यांसमोर गुडघे टेकायचे? फ्रीडम मिळालं ना, मग टेकायचे कशाला?”

“ऐकलंत, टीचर?” माथाबोताई मला म्हणाल्या (मी शाळेत शिकवते, म्हणून टीचर) आणि नातीकडे वळल्या. “मी तुझ्याएवढीच होते. गावात गोरा साहेब आला. त्यांचा झेंडा उतरला, आमचा निळा चढला. माझी आई आणि बाकीच्या बायका नाचायला गुडघ्यांवर आल्या. साहेबाला वाटलं, आपल्यालाच निरोपाचा नमस्कार करताहेत! त्याने हॅट काढली. डोळेसुद्धा पुसले.”

“मग?”

“आईने ताल न चुकवता गुडघ्यांवरच गिरकी घेतली. साहेबाकडे पाठ, डोंगराकडे तोंड. मागोमाग अख्खी रांग फिरली.”

पुलेंगने फोन खाली ठेवला. “म्हणजे त्याला बम दाखवला? सॅव्हेज!”

“जीभ सांभाळ!”

“आणि तो?”

“बिचारा. आधी कानापर्यंत लाल झाला. मग हसला आणि टाळ्या वाजवू लागला. त्याही बेताल.”

“तरी कोणी उठलं नाही?”

“नाच सोडून? त्याच्यासाठी?”

पुलेंग सोफ्यावरून उतरली आणि तिने कार्पेटवर गुडघे टेकले. “ओके. फक्त आज, फक्त इथे. सिडनीचं नंतर बघू.”

“खांदे, खांदे! गुडघे विसर.” बोलता बोलता माथाबोताईंचे खांदे खुर्चीतच उडू लागले. “आणि तुम्ही बघत काय बसलात, टीचर? टाळी धरा!”

तो ताल पकडायला मला वेळ लागला. पुलेंगला नाही.