गाडी मागेल तेव्हा

नव्या ड्रायव्हरने पहिल्याच सकाळी टेम्पोभोवती चक्कर मारली, दार उघडून पाहिलं, लावून पाहिलं आणि म्हणाला, "गाडी जपलेली दिसते काका. आधी कोण होता?"

"सुका," बळवंतकाका म्हणाले.

"कुठला?"

"मनोरच्या पलीकडचा."

"पलीकडे म्हणजे? कुठल्या पाड्यावरचा?"

एवढी वर्षं सुकाने काकांचा टेम्पो चालवला, त्यांच्या ओटीवर चहा घेतला, त्यांच्या बायकोच्या, माईंच्या, आजारपणात रात्री गाडी काढली. आणि त्याच्या पाड्याचं नाव काही त्यांना सांगता येईना. विचारलंच नव्हतं कधी. तो गाडी मूळ शिकला वीटभट्टीवरच्या ट्रॅक्टरवर, एवढं माहीत होतं, तेही माईंकडून.

बळवंतकाका मुळातच अबोल. लग्नात हार घालतानाही हे ओशाळले होते, असं माई अजून सांगतात. त्यात सुका म्हणजे त्यांच्याहून वरचढ. केळव्याच्या वाडीतून नारळ, केळी आणि थोडी भाजी भरून बोईसरच्या बाजारात न्यायची, हे रोजचं काम दोघं न बोलता उरकत. काकांनी दोन बोटं दाखवली की आणखी दोन पोती, तळहात आडवा फिरवला की झालं, नीघ. गाडी वळणाआड जाईपर्यंत एक शब्द होत नसे. माई म्हणत, "दोन मुके भेटलेत एकमेकांना. मी नसते तर घरात पालीचाच आवाज."

सुका भरभरून बोलला असं काकांना एकदाच आठवत होतं. मुलाने, प्रणवने, हौसेने टेम्पोत गाण्यांचं यंत्र बसवून आणलं, तेव्हा सुका ते काढून घ्यायला सांगत होता.

"गाना लावला तं गाडीचा कसा ऐकू येल?"

"गाडीचं काय ऐकायचंय तुला?" प्रणव हसला होता.

"ती मागते ना गियर. मागते तवा द्यायचा. न मागता दिला तं तिला पन तरास, आपल्याला पन."

यंत्र निघालं. ते अजून माईंच्या कपाटात आहे.

त्या वर्षी पावसाळ्यात सुकाला मोठा ताप आला. बरेच दिवस तो घरी होता. नवरात्राच्या सुमारास परतला तो वाळून काठी झालेला. पण गाडीवर बसला आणि सगळं पुन्हा सुरू झालं. बिघडलं एकच. टेम्पो सोळा-सतराचं अ‍ॅव्हरेज द्यायचा, तो एकदम अकरावर आला.

हे प्रणवच्या लक्षात आलं. तो बोईसरला कारखान्यात नोकरीला. राहायलाही तिथेच, पण डिझेलचं तो बघे. रविवारी आला तेव्हा म्हणाला, "बाबा, गाडी एवढं पिते का अचानक?"

"जुनी झाली."

"पंधरा दिवसांत जुनी होते का? टाकीला तोंड असतं आणि तोंडात नळी घालता येते. वाटेत कुणाच्या तरी डब्यात जात असणार."

"सुका तसला नाही."

"तुम्हाला काय माहीत त्याच्याबद्दल?"

प्रणव वाईट मुलगा नाही. तो एवढंच म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघू. नाहीतर मी दुसरा ड्रायव्हर आणतो."

मग काकांनी सुकाबरोबर गाडी उमरोळीच्या नीलेश मेस्त्रीकडे पाठवली आणि मागून स्वतः रिक्षाने गेले. नीलेशने एअर फिल्टर काढून झटकला, तो स्वच्छ. टायरमधली हवा बरोबर. कुठे गळती नाही. खाऱ्या वाऱ्याने ब्रेक गंजून धरले असतील, म्हणून त्याने एकेक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवलं. चाकं पाळण्यासारखी सैल फिरत राहिली. काका शेजारी उभे. आपल्या गाडीत काहीतरी मोठा बिघाड निघावा, असं जन्मात पहिल्यांदाच त्यांना मनापासून वाटत होतं.

शेवटी नीलेशने गाडी ठेवून घेतली. डिझेल काठोकाठ भरून ती दोन दिवस स्वतः चालवली, पुन्हा काठोकाठ भरली आणि फोन केला.

"काका, गाडी सोळा देते."

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या हातात देते. त्याच्या हातात का देत नाही, ते तुम्ही बघा."

काकांनी फोन ठेवला आणि जेवण अर्ध्यावर सोडलं. त्याच संध्याकाळी माई सहज म्हणाल्या, "सुका हल्ली धीट झालाय हो. पूर्वी चहा घेताना जमिनीकडे बघायचा. आता टक लावून आपल्या तोंडाकडे बघतो." हेही काकांना बरं वाटलं नाही.

गुडघे धरल्यापासून ते टेम्पोत बसत नसत. दुसऱ्या दिवशी बसले. सुकाने मान वळवून पाहिलं. गाडी निघाली. नजर टाकीवर ठेवायची, कुठे थांबतो ते बघायचं, असं काकांनी ठरवलं होतं, आणि ठरवल्याची लाजही वाटत होती.

शेजारचं माहीम मागे पडलं. रस्ता मोकळा, सपाट. इंजिन किंचाळत होतं. काकांना वाटलं, आता बदलेल, आता बदलेल. गाडी तिसऱ्याच गियरमध्ये. सुका समोर बघत शांत बसलेला, जणू गाडी गुणगुणतेय.

मागून एक ट्रक हॉर्न वाजवत आला. वाजवतच राहिला. सुका रस्त्याच्या मधूनच चाललेला. शेवटी ट्रकवाल्याने मातीत चाक घालून गाडी पुढे काढली आणि खिडकीतून ओरडला, "बहरा है क्या रे?"

सुकाने हसून हात वर केला. ओळखीच्या माणसाला करावा तसा.

"सुका," काका म्हणाले. मग पुन्हा, जरा मोठ्याने. मग ज्या माणसाने उभ्या आयुष्यात आवाज चढवला नव्हता, तो चालत्या टेम्पोत जीव खाऊन ओरडला, "सुका!"

रस्त्याकडेला मासळीची टोपली घेऊन उभी असलेली बाई वळून बघायला लागली. सुका समोरच बघत होता.

काकांनी हात पुढे केला आणि गियरच्या दांड्यावर दोन बोटं टेकली. सुकाने पाहिलं. क्लच दाबला, गियर बदलला, आणखी एक बदलला. इंजिन शांत झालं. पण सुकाचा चेहरा उतरला. थोडं पुढे जाऊन त्याने गाडी कडेला घेतली, बंद केली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून बसला.

"कवा समजला तुमाला?"

"आत्ता," काका म्हणाले. सुका त्यांच्या ओठांकडे बघत होता. माईंचं म्हणणं काकांना तेव्हा उमगलं.

"तापात कानात नुसता वारा सुटलेला. ताप गेला, वारा नाय गेला. गाडीचा आवाज नसला, न् मोठा बोलला कोन जवळ, तं जरा येते. बाकी नाय."

"आणि गाडी?"

"गाडी पायाला कापते तेवडी समजते. मागते कवा, ता नाय समजत. मग खालच्या गियरमंदी ठेवायचा. बंद तं नाय पडनार." तो थोडा थांबला. "नवसी, बायको माझी, बोलली, काकांना सांग. मी बोललो, सांगला तं गाडी जाल."

त्या दिवशी बोईसरला जाताना आणि येताना काका दांड्यावर बोटं टेकत राहिले. गाडी गियर मागे, काका ऐकत, सुका देई. परतताना पालघरला चहाला थांबले, तेव्हा कळलं की सुकाला हेतल नावाची मुलगी आहे आणि ती बारावीला आहे. एवढ्या वर्षांत हे पहिल्यांदा.

पण रोज काका बसणार थोडेच होते, आणि हॉर्नसाठी बोटं कुठून आणायची? पालघरच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतली नस गेली. यंत्र लावलं तर माणसांचं थोडं कळेल, रस्त्यावरचं नाही. काकांनी प्रणवला फोन केला. "डिझेल कुठे जात नव्हतं. गाडीच पीत होती." रविवारी प्रणव आला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग आत गेला, चहा स्वतः घेऊन आला आणि सुकाच्या हातात दिला.

गाडी सोड, हे काकांच्या तोंडून निघेना. ते सुकानेच सोपं केलं. एका सकाळी त्याने किल्ली ओटीवर माईंच्या सुपाशेजारी ठेवली.

"वाडीत काम कर," काका म्हणाले, त्याला दिसेल असं, तोंड उघडून. "पाणी सोड, झाडं बघ."

सुकाने मान वर करून माडांकडे पाहिलं. वर नारळ पाडायला पाडेकरी चढलेला होता. "काका, वरून कोन 'सरक' बोलला, न् माना नाय ऐकू आला तं?"

माडाच्या वाडीत माणूस कानांवर जगतो, हे काकांना लहानपणापासून ठाऊक होतं.

घरी थोडी शेती आहे, नवसी आहे, बघू, असं सुका म्हणाला. माईंनी हेतलसाठी पिशवीत काय काय भरलं. काकांना पुष्कळ बोलायचं होतं. त्याच्यावर नजर ठेवायला आपण गाडीत बसलो, हेही सांगायचं होतं. त्याऐवजी त्यांनी पिशवीत आणखी दोन नारळ टाकले.

पिशवी खांद्याला लावून सुका निघाला. टेम्पोजवळ गेल्यावर सवयीने थांबला, वाकून बघितलं, एका चाकाला पाय लावून दाबलं आणि काकांकडे वळला.

"मागच्या डाव्याला हवा कमी हाय, काका."

काकांनी मान वर केली, ओठ दिसावेत म्हणून.

"भरून घेतो," ते म्हणाले.