व्याह्यांनी मासा भेटवला

या जगात वाईट असं कुणी नसतंच, फक्त त्याची कुणी नीट ओळख करून दिलेली नसते, हे आमच्या व्याह्यांचं मत असून ते बदलणं ब्रह्मदेवाच्या बापालाही जमणार नाही. व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. मुक्काम अकलूज. सगळी नोकरी साखर कारखान्याच्या ऑफिसात झाली, पण तिथं ते काय काम करायचे हे मला अजून उमगलेलं नाही, कारण दिसेल त्याची दिसेल त्याच्याशी ओळख करून देण्यातून त्यांना सवड मिळाली असेल असं वाटत नाही. मुलांच्या लग्नात त्यांनी मला हाताला धरून वरातीच्या घोडीसमोर उभं केलं आणि म्हणाले, "हे पोरीचे वडील. मानूस सरळ हाय." हे घोडीला. ते सोलापूर स्टँडवर रिक्षात बसले की जुळे सोलापुरातलं लेकाचं घर येईपर्यंत रिक्षावाला आणि शेजारच्या बाई एकाच गावच्या निघतात आणि उतरताना बाई त्याला जेवायला बोलावत असतात. विहीणबाई गेल्यापासून ते अकलूजच्या घरात एकटेच असतात, त्यामुळे हा सगळा साठा घेऊन ते मधूनमधून लेकाच्या फ्लॅटवर उतरतात.

गेल्या उन्हाळ्यात असेच आले होते. आमच्या चार वर्षांच्या नातीला मांडीवर घेऊन मोबाईलवर समुद्र दाखवत बसले असताना खडकाच्या भोकातून मोरे ईल नावाचा एक मासा बाहेर आला. सापासारखं अंग, अंगावर ठिपके आणि दात दाखवत उघडमीट करणारं तोंड. पोरीनं किंकाळी फोडली ती शेजारपाजारचे गोळा होईपर्यंत. हा प्राणी आपल्या बाथरूममधल्या पाणी जायच्या भोकात राहतो, असं तिनं त्याच दिवशी ठरवून टाकलं आणि तिकडं पाऊल टाकायचं बंद केलं. आंघोळ गॅलरीत टबमध्ये होऊ लागली. शाळा तोंडावर आलेली, तिथल्या बाथरूमचं काय करायचं, या काळजीनं माझी मुलगी रडकुंडीला आली. तिनं भोकावर दगड ठेवला आणि सासऱ्यांना म्हणाली, "आप्पा, आता तिच्यासमोर त्या माशाचं नाव नका काढू." सून इतकं स्पष्ट प्रथमच बोलली होती. आप्पांना ते लागलं, पण माघार घेतील तर ते आप्पा कसले. मला म्हणाले, "पाव्हणं, दगडानं भ्या जात न्हाई. खाली कायतरी हाय म्हनून तर आईनं दगड ठिवलाय, आसं वाटतंय पोरीला. नीट वळख करून द्याया पायजे." सुनेकडून त्यांनी एक रविवार मागून घेतला. जमलं नाही तर आपण अकलूजला जाणार आणि पुन्हा पोरीच्या वाटेला जाणार नाही, असंही स्वतःच जाहीर केलं.

त्या रविवारी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सगळी बारकी पोरं सतरंजीवर बसवली. आप्पांनी एसटीतून मांडीवर घालून उसाच्या रानातला पाण्याचा जाड पाइप आणला होता. जन्मात अंडं न खाल्लेल्या या माणसानं एक पिवळा टॉवेल शिवून, त्यावर काळे ठिपके काढून मासा केला होता. पाइपातून त्याचं डोकं बाहेर काढत आप्पांनी सुरुवात केली. "समुद्र म्हंजी उजनीच, पर पल्याडचा काठ न दिसनारी आन खारट. तितं हे ऱ्हात्यात. ह्यो तोंड उघडतोय ते चावाया न्हाई, श्वास घ्यायला. तोंडानं पानी आत घेतो, गालामागनं सोडतो. डोळं अधू हायत बिचाऱ्याचं. म्हनून नुसतं डोकं भायेर काढून वास घेत बसतो. त्याच्या घरात हात मातर घालायचा न्हाई. आपल्या घरात कुनी न इचारता हात घातला तर आपुन बी चावू की." मग सगळ्यांनी माशासारखा श्वास घेऊन पाहिला. जेवायला हाका मारत आलेल्या आयांना आपापली पोरं तोंडाची उघडमीट करत बसलेली दिसली. आमची नात तेवढी आईच्या ओढणीआड होती. तिथूनच तिनं विचारलं, "त्याला चष्मा नाही का?" आप्पा म्हणाले, "न्हाई. समुद्रात कोन दील?" दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपण होऊन बाथरूममध्ये गेली आणि तिनं दोन्ही हातांनी तो दगड बाजूला सरकवला. म्हणाली, "त्याला श्वास घेता येत नसेल."

आप्पांचा जयजयकार झाला. पुढच्या रविवारी सुनेनं शिरा केला. तो खाऊन गच्चीवर आलो तेव्हा मात्र ते हळूच म्हणाले, "पाव्हणं, तुमाला म्हनून सांगतो. लई भ्यालो हुतो मी. आजून भेतो. डोळ्यांत साबन गेला की तेच तोंड दिसतंय. घरात दुसरं कुनी आसलं तर बरं आसतंय." मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. नातीला त्यांनी हे माझ्याआधीच सांगून टाकलं होतं. त्या आठवड्यात आप्पा आंघोळीला गेले की ती दाराबाहेर पाटावर बसून राहायची. मला वाटायचं, दोघांचा काहीतरी खेळ चाललाय.

आता ते अकलूजला आहेत. नातीची शाळा सुरू झाली. परवा सकाळी मी मुलीकडे होतो, तेव्हा त्यांचा फोन आला आणि मीच उचलला. "साळंला गेली व्हय ती?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. मग म्हणाले, "पाव्हणं, तुमीच थांबा की मग जरा फोनवर. मी आंगूळ उरकून घेतो."

मी थांबलो. बादलीत पाणी पडत होतं. तांब्याचा आवाज मध्येच थांबायचा आणि आतून विचारणा व्हायची, "हाय न्हवं, पाव्हणं?"

"आहे," मी म्हणायचो.