भोंगामावशी आणि दुबार आवाज

भोंगामावशी हे नाव तिला गल्लीनेच ठेवलेलं. तीस वर्षं सभासमारंभांना माइक आणि स्पीकर भाड्याने देत आली बाई. ऐन भाषणात माइकने शिट्टी मारली की भलेभले कानांवर हात ठेवायचे. ही मात्र वायरी ओलांडत सरळ चालून जायची. कुठल्या भोंग्याचं तोंड कुठल्या माइककडे वळलंय, हे तिला नुसत्या आवाजावरून कळायचं. "माझ्या हाताखाली शिट्टी दुसऱ्यांदा वाजत नाही," ही तिची फुशारकी होती, आणि ती खोटी नव्हती.

त्या सकाळी साडेदहाला मात्र शिट्टी तिच्या घरातच वाजली. अकराला घरच्या कॉम्प्युटरवर भाचीची नोकरीची मुलाखत होती, नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसातली.

भाची लहानपणापासून अडखळत बोलायची. इतर शब्दांशी ती कसंबसं जुळवून घेई, पण स्वतःचं नाव आलं की संपलंच. तीन महिन्यांपूर्वी याच ऑफिसातल्या बाईंनी तिला नाव विचारलं होतं. पोरगी पहिल्याच अक्षराला अडकली. तोंड उघडं, आवाज नाही. "लाइन गेली वाटतं," म्हणत बाईंनी कॉल बंदच करून टाकला. आज त्यांनी पुन्हा बोलावलं होतं. तिसऱ्यांदा बोलावणार नव्हते, तसं पत्रातच लिहिलं होतं.

आवाज तपासायला म्हणून मावशीने कॉम्प्युटरला आपले स्पीकर जोडले, मोबाइल घेऊन ती जिन्यात गेली आणि भाचीच्या कॉम्प्युटरवर कॉल लावला. "हॅलो" म्हटलं, तर तिचाच हॅलो परत येऊन कानावर आदळला आणि मागून कुईऽऽ!

"अगं बाई, कान फुटले माझे!" करत ती आत आली. स्पीकरमधला आवाज माइक पुन्हा उचलत होता, एवढं ओळखायला तिला वेळ लागला नाही. तिने स्पीकरची वायर उपटली, हेडफोन जोडून भाचीच्या डोक्यावर चढवला. मग कॉम्प्युटरवरचं आवाजाचं सेटिंग उघडलं. माइकमध्ये बोललेलं आपल्याच कानात ऐकू यावं, यासाठीच्या चौकटीत बरोबरची खूण होती.

"हा उपद्व्याप कुणी करून ठेवलाय?" तिने खूण काढून टाकली.

"मा... मा..." भाची काहीतरी सांगू बघत होती.

"नंतर सांग गं, वेळ नाहीये!"

जिन्यातून पुन्हा कॉल. आता आवाज कसा अगदी स्वच्छ होता. "हं, सांग नाव."

पलीकडून घुसमटलेला श्वास आला. मग पुन्हा तसाच. गेले पंधरा दिवस या खोलीतून रोज तेच नाव सलग ऐकू येत होतं. सरावाचा गुण, असं ती समजून चालली होती.

ती आत धावली तेव्हा अकराला सहा मिनिटं कमी होती. भाचीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि पुढ्यातल्या कागदावर खरडलेलं होतं, 'हेडफोनमधून माझा आवाज दुबार ऐकू आला की बोलता येतं. खूण मीच केली होती.'

"मग आधी सांगायचं नाही का?" मावशीच्या तोंडून निघून गेलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. सांगू दिलं कुठे होतं तिने? दुबार आवाज ऐकू आला की ठेचायचा, हीच तीस वर्षांची सवय.

तिने खूण पुन्हा केली. स्पीकर मात्र मुकेच ठेवले. हेडफोनमुळे तो दुबार आवाज फक्त भाचीच्या कानात राहणार, माइकपर्यंत पोचणार नाही, म्हणजे शिट्टीही नाही. बरोबर आहे ना? आता तपासायला वेळ नव्हता. पडद्यावर बाईंचा चेहरा आला.

"नमस्कार. तुमचं नाव?"

मावशी दाराआड सरकली. भाचीने नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट, एका दमात. मावशीला रडूच फुटलं. तिने तोंडावर हात दाबला.

"याआधी कुठे काम केलंत?"

इथे ती अडकलीच. एक क्षण, दोन, पाच. खूण म्हणजे काही जादू नव्हती. तोंडातून आवाज निघालाच नाही, तर कानात परत काय येणार?

"हॅलो?" बाई म्हणाल्या. "लाइन गेली वाटतं..."

मावशीने आत धावायला पाऊल उचललं.

"ला... लाइन चालू आहे," भाची म्हणाली. "मी अडखळते. जरा थांबा."

बाई थांबल्या. दारात मावशीही थांबली.