भिंतीबाहेर आलेले आठ स्क्रू

कुलूपबंद फ्लॅटमध्ये भिंतीतले आठ स्क्रू आपोआप बाहेर आले, तर तुम्ही आधी कुणावर संशय घ्याल? मी माझ्या सख्ख्या भावावर घेतला.

भूत, करणी, वास्तुदोष... यांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. आमचे पप्पा अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं लिहायचे आणि मी क्रांती चौकात ती वाटत मोठी झाले. ‘पुरावा काय?’ हा प्रश्न आमच्याकडं जेवतानाही विचारला जातो.

गेल्या डिसेंबरची गोष्ट. बीड बायपासजवळची नवी सोसायटी, पाचवा मजला. फ्लॅट आमच्या ओळखीच्या सुनीताकाकूंचा. त्यांचा मुलगा सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन परदेशातून येणार होता. त्यानं हॉलच्या भिंतीत बसवायला इलेक्ट्रिक फायरप्लेस, म्हणजे विजेवर तापणारी शेकोटी, पाठवली होती – आपल्या संभाजीनगरात, जिथं पंखा जेमतेम दोन महिने बंद असतो. माझा भाऊ मिलिंददादा पार्टिशन आणि फॉल्स सीलिंगची कामं करतो. मापं घेणं आणि मॅन्युअल वाचणं माझ्याकडं.

मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं – मशिनभोवती जागा मोकळी सोडा, आत जळणारं काहीही नको. म्हणून दादानं प्लायवूड वापरलंच नाही. लोखंडी चॅनलचा सांगाडा, त्यावर सिमेंट बोर्ड, वेगळी वायर, वेगळा एमसीबी.

पहिल्याच दिवशी काकू म्हणाल्या होत्या, “गुरुजींना विचारून काहीतरी करावं म्हणते. घरात अग्नी बसतोय.” मी टेप खाली ठेवला आणि त्यांना अर्धा तास ऐकवलं. त्या गप्प झाल्या. मला वाटलं, पटलं.

चौथ्या दिवशी जेवून आल्यावर आम्ही शेवटचा बोर्ड लावला. अर्धा तास मशिन चालवलं, एमसीबीचं बटण पाडून वीज बंद केली, कुलूप लावलं. त्या आठवड्यात दोन्ही किल्ल्या आमच्याकडंच होत्या.

सकाळी पाहते तर त्या एकाच बोर्डचे आठही स्क्रू अर्धा इंच बाहेर. बाकीचे बोर्ड जसेच्या तसे.

“दादा, एक किल्ली तुझ्या खिशात होती ना?”

“माझ्यावर संशय घेतीस व्हय?”

“घेते. भिंत घाईत बंद करायला नको, असं तूच म्हणत होतास.”

“मग मी स्क्रू काढाया पाच मजले चढून आलो का? मला जेवलेलं ताट उचलायचा कंटाळा, आई रोज बोलती.”

मला हसू आलं, पण संशय गेला नाही. स्क्रू पुन्हा आवळले. दादाला न सांगता प्रत्येक स्क्रूवरून बोर्डापर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढली. निघताना दादाकडची किल्लीही काढून घेतली. दारावर माझ्या सहीची कागदी पट्टी चिकटवली. बाल्कनीला ग्रिल होतंच. त्या दिवशी मशिन चालवलंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी शाबूत. आत आठही रेघा तुटलेल्या आणि स्क्रू पुन्हा अर्धा इंच बाहेर. दादानं टेप लावून मोजले – सगळे सारखे.

“आता आवळायचं नाय,” तो म्हणाला. “उघडून बघू.”

बोर्ड काढला. मशिनच्या डोक्यावर लाल कापडाचं गाठोडं होतं. आत नारळ आणि तांदूळ. खालच्या बाजूनं कापड काळं पडलेलं, करपलेला वास येत होता. अर्ध्या तासात एवढं. दादानं तो काळा भाग नखानं खरवडून पाहिला.

“लेकरू इथंच खेळलं असतं,” एवढंच बोलला.

फोन करून काकूंना बोलावलं. चौथ्या दिवशी आम्ही दार नुसतं लोटून खाली जेवायला गेलो होतो तेव्हा त्यांनीच ते ठेवलं होतं.

“काकू, आम्हाला विचारायचं तरी...”

“तुला? तू मला आणखी एक पत्रक वाचून दाखवलं असतंस.”

त्यांनी गाठोडं हातात घेतलं, काळी बाजू पाहिली आणि त्यांचा आवाज बदलला. “पण बघ गं, यानंच स्क्रू काढले असतील. राखण केली यानं.”

“जे जळत होतं तेच राखण करत होतं?” मी चिडून म्हणाले.

पण मग कुणी काढले? उष्णतेनं म्हणावं, तर दुसऱ्या वेळी मशिन थंड होतं. दादानं म्हणावं, तर माझीच पट्टी साक्षीला. गाठोडं बाहेर काढून तोच बोर्ड त्याच स्क्रूंनी लावला. बाळ आलं, महिनाभर त्या भिंतीसमोर रांगलं, एकही स्क्रू हलला नाही. माझ्याकडं उत्तर नाही, आणि गाठोड्याला श्रेय द्यायला मी आजही तयार नाही. माझी चूक मात्र मला कळलीय – मी बोलत राहिले, म्हणून काकूंनी लपवलं.

तुमच्या घरात अशी भिंत होत असेल, तर श्रद्धेनं आत काही ठेवायचं झालं तरी मिस्त्रीला आधी सांगा. आणि शेवटचा बोर्ड लागायच्या आधी टॉर्च घेऊन आतली मोकळी जागा एकदा स्वतः बघा.