मुका राहिलेला सिनेमा

"आवाजाचं मंग पाहू."

डाव्या हाताची दोन बोटं हवेत फिरवून तो हे म्हणायचा. वाशीममधली शेकडो लग्नं त्यानं चित्रित केली, त्यामुळे तुमच्यापैकी अनेकांनी हे ऐकलं असेल. मांडवात डीजे दणाणत असो की नवरीचा मामा माइकसाठी भांडत असो, त्याचं उत्तर ठरलेलं. लग्नाच्या व्हिडिओत खरा आवाज कोणी ऐकत नाही. शेवटी त्यावर गाणीच टाकतात.

बसस्थानकामागच्या गल्लीत त्याचा स्टुडिओ होता, वडिलांच्या काळापासूनचा. मी एका दैनिकाचा वार्ताहर. अपघाताचा किंवा मोर्चाचा फोटो हवा असला की त्याच्याकडे जायचो. फोटो देताना तो टोमणा मारायचा, "पत्रकार, तुमची बातमी परवा भज्याखाली. माही कॅसेट वीस वर्षं कपाटात. मंग मोठा कोन?"

एकदा मात्र तो गंभीरपणे बोलला. "वीस वर्षं लोकायचे लग्नं काढून राह्यलो. कपाटात माह्यं सोताचं एक तरी पायजे ना."

ते एक म्हणजे सिनेमा. गोष्ट लहान होती. मानोऱ्याजवळचा एक तांडा दिवाळीनंतर ऊसतोडीला निघून जातो. मागे राहिलेल्या एका म्हातारीकडे सगळ्या घरांच्या किल्ल्या असतात. त्याला नटी शोधावी लागली नाही. त्या तांड्यात अशी म्हातारी खरोखर होती आणि किल्ल्या खरोखर तिच्याकडे असायच्या.

आम्ही तिघं होतो. तो कॅमेऱ्यामागे. त्याची बायको थर्माकोलचा तक्ता धरून म्हातारीच्या चेहऱ्यावर ऊन वळवायची. मी भाड्यानं आणलेला माइक काठीला बांधून उभा राहायचो. तक्ता धरून हात भरून आले की बायको म्हणायची, "वीस वर्षांत माहा एक फोटो काढला नाही या मानसानं, अन् मले उन्हात उभं केलं." तो कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणायचा, "हालू नको. तुह्या सावलीचा फोटो येऊन राह्यला."

त्यानं लिहिलेले संवाद म्हातारीनं पहिल्याच दिवशी नाकारले. "असं कोनी बोलते का रे बापू?" मग ती स्वतःचं बोलू लागली, थोडं आमच्या बोलीत, थोडं गोरमाटीत, म्हणजे तिच्या बंजारा बोलीत. एका प्रसंगात ती एकेक कुलूप उघडते, उंबरा झाडते आणि त्या घरच्या बाईशी, जी तिथे नाही, बोलते. ते चित्रित झाल्यावर त्यानं कॅमेरा बंद केला आणि बराच वेळ लेन्स पुसत बसला. लेन्स स्वच्छ होती.

तेरा दिवसांत काम संपलं. लग्नसराई तोंडावर होती. महिनाभरानं त्याचा फोन आला. "पत्रकार, या."

स्टुडिओत संगणकाच्या पडद्यावर म्हातारीचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. त्यानं हेडफोन बदलला, वायर बदलली. शेवटी कॅमेरा हातात घेऊन सेटिंग उघडलं. आवाजाची नोंद बंद होती. डीजेच्या दणदणाटाला कंटाळून त्यानंच ती काही वर्षांपूर्वी बंद केली होती आणि तेव्हापासून तिची गरज कधी पडली नव्हती. माइकवरचा हिरवा दिवा तेराही दिवस जळत होता. आम्ही तिघंही त्या दिव्यावर विसंबलो होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोटारसायकलवर तांड्यात गेलो. म्हातारी हसली. "मंग काय झालं? पुन्हा बोलीन. तोंड तं हायेच. आत्ता बोलू का?"

माइक परत गेला होता. त्याच संध्याकाळी वाशीमजवळच्या मालेगावला लग्न होतं. तो म्हणाला, "एवढे लग्नं होऊ द्या माय. मंग निवांत करू." मी शेजारी उभा होतो. माझ्या खिशात आवाज टिपणारा मोबाइल होता. तो मी बाहेर काढला नाही.

म्हातारी वैशाखात वारली. लग्नसराई संपायला आठवडा होता. निरोप त्याला मांडवात मिळाला. त्यानं ते लग्न पूर्ण चित्रित केलं, विदाईपर्यंत.

नंतर त्यानं बायकोला म्हातारीचे संवाद बोलायला बसवलं. पाच मिनिटांत थांबवलं. "नाही. हे तू हायेस." मग आम्ही तिचे ओठ पाहून शब्द आठवू लागलो. उंबऱ्याच्या प्रसंगातलं एकही वाक्य पुरतं जुळलं नाही. मी रोज दहा जणांची वाक्यं वहीत टिपतो. तिचं एकही टिपलेलं नव्हतं.

तो पुढच्या हिवाळ्यात गेला. हृदयविकार, वय चव्वेचाळीस. चार ओळींची बातमी मीच लिहिली. त्यात 'लग्नसमारंभाचे छायाचित्रकार' असं होतं. सिनेमाचा उल्लेख केला नाही. पुरा न झालेल्या कामाची नोंद मृत्यूच्या बातमीत करत नाहीत.

त्याआधी, पावसाळ्याच्या तोंडावर, त्यानं तो सिनेमा एकदाच दाखवला. तांड्यातली शाळा, भर दुपार, खिडक्यांवर गोधड्या. आवाजाऐवजी त्यानं काहीही टाकलं नव्हतं, गाणंसुद्धा नाही. उंबऱ्याचा प्रसंग आला तेव्हा बायका आपापलं दार ओळखून रडू लागल्या.

संपल्यावर म्हातारीचा मुलगा पुढे आला. ती वारली तेव्हा हंगाम लांबल्यानं तो अजून ऊसतोडीवर होता. तेवढा तुकडा मोबाइलवर द्या, म्हणाला. सिनेमावाल्यानं तो मुलाच्या फोनवर टाकून दिला. मुलगा शाळेच्या पायरीवर बसून पाहू लागला. त्यानं आवाजाचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

"याडी बोलून राह्यली, भाऊ," तो म्हणाला. याडी म्हणजे आई. "पन येत काहून नाही?"

"नाहीच हाये त्याच्यात. माह्या चुकीनं गेला."

"सगळा?"

"सगळा."

मुलानं मान हलवली. रागावला नाही. त्यानं फोन उचलून कानाला लावला, डोळे मिटले आणि अंगठ्यानं ते बटण दाबून धरलं.