चोर न पकडणारे सय्यदसाहेब

सय्यदसाहेबांची आणि माझी पहिली भेट भांडणानंच झाली. भूकंपाला काही वर्षं उलटली होती, लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं आणि मी मुलींचं वसतिगृह चालवत होते. आमच्याकडे सारख्या चोऱ्या होत. कधी घड्याळ, कधी कानातलं. तक्रार केल्यावर ठाण्याचे निरीक्षक म्हणून साहेब स्वतः आले. बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "मॅडम, घर रिकामं कधी असतं?"

"मी चोर शोधायला बोलावलंय तुम्हाला, वेळापत्रक तपासायला नाही!" मी म्हणाले.

मुलींच्या पालकांनी मात्र चोर ठरवून टाकला होता, आमच्या स्वयंपाकीण रुक्माबाई. सगळ्या मुली संध्याकाळी एकाच वेळी क्लासला जात. मागच्या स्वयंपाकघरात या एकट्या उरत. एक पालक म्हणाले, "ठाण्यात न्या तिला, आपोआप बोलंल."

रुक्माबाई रडत म्हणाल्या, "साहेब, म्या न्हाई घेतलं. इथून काढलं तर जाऊ कुठं? माझं गाव भूकंपात गेलंय."

"तुम्हाला कोण नेऊन राहिलंय, बाई? चहा ठेवा," साहेब म्हणाले आणि खोल्या बघायला निघाले. एकाही दाराला कुलूप नव्हतं. मी ऐटीत सांगितलं, की भूकंपापासून आमचा नियमच आहे, दार बंद करायचं नाही, पळता आलं पाहिजे.

"बरोबर आहे. पण आत कुणीच नसतं तेव्हा पळणार कोण?"

इतकी वर्षं आमच्यापैकी कुणालाच हा प्रश्न पडला नव्हता.

साहेबांनी क्लासवाल्यांशी बोलून निम्म्या मुलींची बॅच सकाळी करवली. घरात असताना दार उघडं, बाहेर जाताना कुलूप, असा नवा नियम केला आणि सगळ्या किल्ल्या रुक्माबाईंच्या हाती दिल्या.

"चोराच्या हाती किल्ल्या?" तेच पालक ओरडले.

"हाव. चोरी झाली तर मी स्वतः यांना घेऊन जाईन. न्हाई झाली तर तुम्ही येऊन माफी मागायची."

चोऱ्या थांबल्या. पालक आले, माफी पुटपुटले. मी ती मोठ्यानं मागायला लावली.

पुढे साहेबांची बदली नांदेडला झाली. तिथं क्लासबाहेरच्या सायकली चोरीला जात. साहेबांनी स्टँड हलवून चहाच्या टपरीसमोर आणला. तिथंही चोऱ्या थांबल्या, पण चोर सापडला नाही.

आता साहेबांच्या पंच्याहत्तरीच्या गौरव अंकासाठी मला लेख मागितलाय, पण गौरव नेमका कशाचा करायचा? गुन्हा केला की शिक्षा, हे आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं. इथं घेणारा मोकळा आणि कुलपं आम्ही लावायची! दोष आमचा का, असं मी साहेबांना कितीदा विचारलं. "दोष चोराचाच, मॅडम. पण तो सापडेपर्यंत तुमच्या पोरींनी काय करावं?" एवढंच ते म्हणतात. मला अजून पटत नाही. पण रुक्माबाई ठाण्याची पायरी चढल्या नाहीत, हेही खरं. दोन्ही एकत्र कसं मांडावं, ते मला कळत नाही.

साहेबांनी पंच्याहत्तरी ओलांडून ठणठणीत प्रकृतीनं शंभरीही गाठावी. आमचं भांडण मिटायला तेवढी वर्षं लागतीलच. रुक्माबाईंना या लेखाचं सांगितलं, तर त्यांनी पदर सावरून निरोप दिला, "साहेबास्नी म्हणावं, किल्ल्या अजून माझ्याच कमरंला हायत."